बर्फाळ नदीत पाय गार पडतात: मोजे वाढवू नका, बूट वाढवा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दोन वर्षांपूर्वी पुण्याहून क्लीव्हलँडला आलात, या मोसमात स्टीलहेडचा नाद लागला. रॉकी रिव्हरवर ऑक्टोबर-नोव्हेंबर मजेत गेले, पण डिसेंबर लागल्यापासून पाण्यात उतरून पाऊण तास होत नाही तोच पायाची बोटं बधिर होतात. तीन जोड मोजे घालून पाहिले, बूट आवळून बांधून पाहिले, काही फरक नाही. आता बॅटरीवर तापणारे मोजे घ्यावेत की ५ मिलिमीटर निओप्रीनचे वेडर्स, हा तुमचा प्रश्न. शिवाय वडील सांगलीहून आलेत, त्यांनाही एकदा तुमच्याबरोबर पाण्यात उतरायचंय आणि त्यांना १५ वर्षांपासून मधुमेह आहे. वडिलांचं शेवटी स्वतंत्रपणे सांगते, कारण त्यांचं उत्तर वेगळं आहे.

या वाटेला न गेलेल्या वाचकांसाठी थोडं. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, पण नदीत जन्मून मोठ्या पाण्यात वाढणारा आणि अंडी घालायला परत नदीत शिरणारा. मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इथल्या महासरोवरांच्या प्रदेशात आणून सोडला गेला. ईरी सरोवराच्या दक्षिण काठाला ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क राज्यांतल्या लहान नद्या येऊन मिळतात. रॉकी, शग्रिन, ग्रँड, कॉनिऑट, एल्क, कॅटारॉगस. या पट्ट्याला ‘स्टीलहेड ॲली’ म्हणतात. मासा साधारण ऑक्टोबर ते एप्रिल नदीत असतो, त्यामुळे त्याच्यामागे जायचं तर ऐन थंडीतच जावं लागतं. वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी विजार. बहुतेक वेडर्सना खाली निओप्रीनचा, म्हणजे फेसासारख्या मऊ रबराचा, जाड मोजा जोडलेला असतो आणि त्यावर वेगळे बूट चढवायचे असतात.

मी या नद्यांवर १९ हिवाळे काढले आहेत आणि दर मोसमात पाच-सहा नवख्यांना घेऊन जाते. पेशाने फिजिओथेरपिस्ट, म्हणजे आठवडाभर लोकांचे पाय हाताळते. माझे मामा देवगडच्या खाडीत गरवायला जायचे तेव्हा मी गुडघाभर पाण्यात त्यांच्या शेजारी उभी असायची. तिथलं पाणी कधी पायाला बोचलं नाही. म्हणून इथल्या पाण्याने माझीही सुरुवातीला तुमच्यासारखीच फसगत केली.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही जे दोन उपाय करून पाहिलेत, तीन जोड मोजे आणि आवळलेले बूट, त्यांनीच तुमचे पाय गार पडतायत असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. नवीन काही विकत घेण्याआधी हे नीट करून पाहा.

मोजा ऊब तयार करत नाही, आहे ती अडवून धरतो. पाऊल स्वतः फारशी उष्णता निर्माण करत नाही, कारण तिथे मोठे स्नायूच नाहीत. हाडं, शिरा, चरबीची गादी आणि कातडी. पावलाला ऊब येते ती रक्तातून. पोटऱ्यांतून, घोट्यावरून गरम रक्त खाली उतरतं आणि बोटांपर्यंत पोचतं. तुम्ही ९ नंबरच्या बुटात तीन जाड मोजे कोंबून नाड्या खेचल्यात की दोन गोष्टी होतात. एक तर लोकरीच्या आतली हवा दाबून निघून जाते. लोकर ऊब देते ती त्या हवेमुळेच, दाबलेली लोकर नुसतं कापड. दुसरं, घोट्याच्या पुढच्या बाजूने आणि बोटांच्या मुळाशी रक्ताची वाट अरुंद होते. मग तिसऱ्या मोज्याने जे कमावलं त्याच्या दुप्पट तुम्ही रक्त अडवून घालवता.

त्यात पाणी. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता स्थिर हवेच्या सुमारे २५ पट असते. जानेवारीत इथल्या नदीचं पाणी ३३ ते ३६ फॅरनहाइट, म्हणजे अर्धा ते दोन अंश सेल्सिअस असतं, आणि ते वाहतं असतं. बुटाभोवती जरा कोमट झालेला पाण्याचा थर टिकतच नाही, दर क्षणाला नवं गार पाणी येऊन लागतं. शरीर ते ओळखतं आणि हातापायांच्या टोकांकडचे रक्तप्रवाह आवळून घेतं, म्हणजे छाती-पोटातली ऊब वाचेल. त्याच्या दृष्टीने बोटं ही आधी सोडून द्यायची गोष्ट आहे.

घरी एक चाचणी करून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे. नदीवर घालता तेवढे सगळे मोजे, वेडर्स, बूट असं सगळं चढवा, नेहमीसारख्या नाड्या बांधा आणि खुर्चीवर स्वस्थ बसा. पहिल्यांदा बुटाच्या आत पाचही बोटं हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी वरखाली करता येतात का ते पाहा. नुसता अंगठा हलतो आणि करंगळी शेजाऱ्याला चिकटून बसते, असं असेल तर बूट लहान आहे. दहा मिनिटांनी सगळं उतरवून पावलं उजेडात धरा. मोज्याची शिवण कातडीत उमटली आहे का? घोट्यापुढे नाडीचा आडवा वळ आहे का? मग अंगठ्याचं नख दाबून पांढरं करा आणि सोडा. उबदार खोलीत, निरोगी माणसाचं नख साधारण दोन सेकंदांत परत गुलाबी होतं. मी नदीवर आणलेल्या नवख्यांपैकी बऱ्याच जणांच्या पायावर पहिल्याच वेळी शिवणीची ती जाळी उमटलेली मला दिसली आहे, आणि बिचारे थंडीला दोष देत असतात.

तेव्हा पहिला बदल बुटाचा. माझा रोजचा बूट ७ नंबरचा, हिवाळ्यात नदीत घालते तो ९ नंबरचा. एक नंबर निओप्रीनच्या मोज्यासाठी जातो आणि एक लोकरीच्या मोज्यासाठी. वेडर्सवर चढवायचे बूट बनवताना निओप्रीनची जागा पुष्कळदा धरलेलीच असते, म्हणून कंपनीचं कोष्टक आधी वाचा. पण हिवाळ्यासाठी त्यावर आणखी एक नंबर घ्याच. आणि एक गोष्ट भलेभले विसरतात: वेडर्सला जोडलेला निओप्रीनचा मोजासुद्धा नंबरवारीने येतो. बूट ऐसपैस घेतला आणि आतला निओप्रीनच तंग असला, तर पाऊल त्यातच आवळलं जातं. वेडर्स घेताना दुकानात जाड लोकरीचा मोजा घालूनच पाय आत घालून बघा.

नाड्या बोटांकडच्या भागात सैल ठेवा, घोट्याच्या वर बऱ्यापैकी घट्ट बांधा. टाच बुटात थोडी हलली तरी चालेल. इथला नदीचा तळ ठिकठिकाणी सपाट शेल खडकाचा आहे, शेवाळलेल्या फरशीसारखा गुळगुळीत, म्हणून तुम्हाला बूट आवळावासा वाटतो हे मी समजू शकते. पकड आवळण्याने येत नाही, सोलने येते. रबरी सोल आणि त्यात टंगस्टन कार्बाइडचे स्टड, म्हणजे बारीक कडक खिळे, घ्या. हिवाळ्यात फेल्टचा, म्हणजे नमद्याचा, सोल टाळा: ओल्या फेल्टला बर्फ चिकटतो, काठावर वीस पावलं चाललात की तळव्याखाली गोळा तयार होतो आणि घोटा मुरगळायची वेळ येते.

मोजे दोनच. आत एक पातळ, घाम बाहेर टाकणारा, पॉलिप्रॉपिलीनचा किंवा पातळ मेरिनो लोकरीचा; त्यावर एक जाड मेरिनोचा. सुती मोजा अजिबात नको, तो पातळ असो की जाड. सूत ओलं झालं की ओलंच राहतं आणि कातडीला चिकटून बसतं. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के दमटपणा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही.

यावरून तुमच्या पत्रातली एक ओळ आठवली: घरी आल्यावर मोजे दमट लागतात, वेडर्स गळतायत की काय कळत नाही. गळत नसावेत. तो घाम आहे. दोन्ही पावलांत मिळून सुमारे अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि वेडर्सचं वरचं कापड कितीही हवेशीर असलं तरी पायाचा निओप्रीन वाफ बाहेर जाऊ देत नाही. घरूनच वेडर्स घालून हीटर लावलेल्या गाडीत अर्धा तास बसलात, मग वाहनतळापासून भराभर चालत गेलात, तर पाण्यात पाय ठेवण्याआधीच मोजे ओले झालेले असतात. पुढे दिवसभर तुम्ही ओल्या मोज्यांत गार पाण्यात उभे.

माझी पद्धत अशी. गाडी साध्या मोज्यांत आणि साध्या बुटात चालवते. नदीचे बूट डिकीत न ठेवता पुढे, पायापाशी ठेवते, म्हणजे ते हीटरने कोमट होतात; रात्रभर गारठलेला बूट घातला तर तोच पायाची पहिली ऊब पिऊन टाकतो. वाहनतळावर डिकीच्या कडेला बसते, खाली जुन्या योगा मॅटचा तुकडा टाकलेला असतो, कारण बर्फावर मोज्याने पाय टेकला की तिथेच काम बिघडलं. पाय टॉवेलने पुसते, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग नदीचे मोजे चढवते. हे मोजे घरापासून जॅकेटच्या आत पोटाशी ठेवलेले असतात, ते घालताना जी ऊब लागते ती पुढचा तासभर पुरते. लांब चालायचं असेल तर वेडर्स कमरेपर्यंत गुंडाळून ठेवते, जॅकेट उघडं, टोपी खिशात. चालताना जरा थंडी वाजली पाहिजे. नदीशी पोचल्यावर सगळं बंद करायचं. दुपारी दुसरी जोडी घालते, घालते म्हणजे घालतेच, पाय ओले वाटोत न वाटोत.

ओहायोत वाढलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी एक जुनी युक्ती सांगितली होती. लहानपणी त्यांच्या आया त्यांना बर्फात पाठवताना मोज्यांवर ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या चढवायच्या. नदीसाठी त्यात थोडा बदल: पातळ मोजा, त्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर जाड लोकरीचा मोजा. घाम पिशवीच्या आतच राहतो, जाड मोजा कोरडा राहतो. पाय दमट लागतो पण गार लागत नाही. ज्यांच्या पायांना फार घाम येतो त्यांना याचा खरंच उपयोग होतो. मात्र दोन-अडीच तासांहून जास्त नको आणि पातळ मोजा बदलायला हवाच, नाहीतर कातडी पांढरी पडून सोलपटते.

आता पायापासून वर सरकू. बोटांचं रक्त मांडीतून आणि पोटरीतून येतं. मांडीवर नुसती पातळ विजार आणि बाहेर एक अंशाचं पाणी असेल, तर ते रक्त वाटेतच गार होतं. तुम्ही लिहिलंत की वेडर्सच्या आत ट्रॅकपँट घालता. तिथे थर्मल आणि त्यावर फ्लीसची जाड विजार घाला. विजारीची खालची बाजू मोज्यांच्या आत खोचू नका, तिथे घडी पडून पोटरी आवळली जाते. पावलाखाली पट्टी असलेली विजार मिळते ती उत्तम. वर अंगात लोकर, त्यावर भरीव जॅकेट, कानांवर टोपी, गळ्याला मफलर. धड उबदार असलं की शरीर हातापायांकडचा रक्तप्रवाह मोकळा ठेवतं. पाय गार पडले की मी आधी टोपी तपासते, असं सांगितलं की नवख्यांना खोटं वाटतं. करून पाहा.

खाणंही यातच येतं. उपाशीपोटी गेलात तर शरीराकडे जाळायला काही नाही. माझ्या खिशात दोन डिंकाचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की असते, थर्मासात आल्याचा चहा. दारू मुळीच नको. तिने कातडीकडचं रक्त वाढतं, क्षणभर ऊब वाटते आणि तीच ऊब पाण्यात निघून जाते. सिगारेट आणि तंबाखूने उलट होतं, निकोटीन शिरा आवळतं. आईने सांगितलेला बाम पायाला चोळून मोजे घालायचा उपाय घरी झोपताना ठीक आहे, नदीवर नको: मेन्थॉलने कातडीची थंडीची जाणीवच फसते आणि आपल्याला बोटांचा खरा निरोप हवा असतो.

कारण त्या निरोपावरच सगळं अवलंबून आहे. इथे माझा स्वतःचा एक दिवस सांगते. तिसरा हिवाळा, डिसेंबरचा शेवट, शग्रिन नदी. मीही तेव्हा तीन मोजे आणि घट्ट बूट या पंथाची. सकाळी बोटं ठणकत होती. तासाभराने ठणका थांबला आणि मला वाटलं, चला, पाय सरावले. आणखी दीड तास मांडीभर पाण्यात उभी राहिले, एक सुंदर मादी लागली, हातात घेऊन सोडली. काठावर चढताना पाऊल कुठे पडतंय ते कळेना, बघून बघून ठेवावं लागलं. गाडीत बूट काढले तर उजव्या पायाची तीन बोटं मेणासारखी पांढरी. मी ती सरळ हीटरच्या झोतापुढे धरली. पुढच्या दहा मिनिटांत जी आग झाली ती बाळंतपणाच्या कळांशेजारी ठेवावी अशी. करंगळीवर जांभळट, खाजरी सूज आली, ती तीन आठवडे टिकली, आणि त्या करंगळीला अजूनही सगळ्यात आधी थंडी लागते.

तेव्हा हे पक्कं ध्यानात ठेवा: पाण्यात असताना ठणका आपोआप थांबला तर ती सुधारणा नसते. चेता काम करेनाशा झालेल्या असतात. गोड्या पाण्याच्या वाहत्या नदीचं तापमान शून्याच्या खाली फारसं जात नाही, म्हणून पाण्याखाली पाय गोठत नाही. पण न गोठताही तो जायबंदी होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या ओल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय असेच गेले. ‘ट्रेंच फूट’ हे नाव तिथूनच आलं आणि तिथेही मुख्य उपाय होता तो कोरडे मोजे आणि रोज पाय तपासणं.

माझा नियम असा: ठणका सुरू झाला की पाच मिनिटांत बाहेर, आणि ठणका नसला तरी ३० ते ४० मिनिटांनी बाहेर. काठावर दहा मिनिटं चालायचं, टाचा उचलून पंजांवर उभं राहायचं, २५-३० वेळा. पोटरीचा स्नायू हा पायाचा पंप आहे, तो चालला की रक्त फिरतं. उघड्या बर्फावर उभं राहू नका, ओंडका किंवा कोरडी वाळू शोधा. पाण्यात असतानाही दर चार-पाच फेकींनंतर दोन पावलं सरका, बोटं हलवा. बोटं बधिर होऊन गेली असतील तर त्या दिवशी परत उतरायचं नाही. कोरडे मोजे, कोरडे बूट, अंगावर कांबळं, गरम पेय, आणि पाय गाडीच्या साध्या उबेत हळूहळू येऊ द्यायचे. चोळायचं नाही, हीटरच्या झोतात धरायचं नाही, कडक पाण्यात बुडवायचं नाही. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. काही तासांनीही संवेदना आली नाही किंवा फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टर.

यात एक दिलासाही आहे. एवढा वेळ पाण्यात राहायची गरजच नसते. इतक्या गार पाण्यात मासाही सुस्तावलेला असतो, खोल आणि संथ डोहांत तळाशी बसून राहतो. दुपारी ऊन पडून पाणी अर्धा-एक अंश चढलं की जरा हलतो. जानेवारीत मी अकराच्या आधी जात नाही आणि तीनला परत निघते. असे डोह पुष्कळदा काठावरून किंवा घोटाभर पाण्यातून हाती येतात. मांडीभर पाण्यात जाऊन नवखा माणूस बऱ्याचदा मासा बसलेल्या जागेवरच उभा राहतो. आधी काठावरून, मग घोटाभरातून, अगदीच हवं तर गुडघाभर. गुडघ्याच्या वर गेलात की मांड्या गार पडायला लागतात, आणि शेल खडकावर घसरलात तर पायांची काळजी मागे पडते. कमरेचा पट्टा आवळलेलाच हवा आणि काठी हवीच. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक गॉर्डन गीझब्रेख्त यांचा ‘१-१०-१’ नियम इथे सगळ्यांना शिकवतात: बर्फाळ पाण्यात पडलात तर श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. काठाला चिकटलेल्या बर्फाच्या लादीवर मात्र पाय ठेवू नका, खालून ती पोकळ असते.

आता तुमची खरेदी. ५ मिलिमीटर निओप्रीनचे वेडर्स एका जागी तासन् तास उभं राहणाऱ्याला चांगले. रॉकी रिव्हरवर डोहामागून डोह चालत जाणार असाल तर त्यात घामाने भिजाल. तुमच्याकडे हवेशीर वेडर्स आहेतच, त्यांच्या आत फ्लीस वाढवा. खरोखर खर्च करायचा असेल तर मी ‘बूटफूट’ वेडर्सवर करीन, म्हणजे ज्यांना गमबुटासारखा अस्तरवाला बूट जोडूनच येतो. नाड्या नाहीत, आत ऐसपैस हवा, पाऊल आवळलं जात नाही. घोट्याला आधार कमी मिळतो आणि आतून वाळायला वेळ लागतो. पण ज्यांचे पाय काही केल्या गारच पडतात त्यांच्यासाठी यासारखा उपाय नाही.

बॅटरीचे मोजे वाईट नाहीत, पण त्यांचा नंबर शेवटचा. लहान बुटात घातलेत तर तेही तिसऱ्या मोज्यासारखेच रक्त अडवतील. बूट मोठे झाल्यावर, फ्लीस आल्यावर, मोजे बदलायची सवय लागल्यावरही पाय गार पडले तर घ्या. पाय उबदार असतानाच सर्वांत कमी आचेवर सुरू करा. गारठल्यावर मोठ्या आचेवर लावायचे नाहीत. हलवून तापणाऱ्या पुड्यांचंही सांगते, कारण त्या सगळे घेतात आणि सगळे नावं ठेवतात. आत लोखंडाचा भुगा असतो, तो हवेतला प्राणवायू घेऊन गंजतो आणि ती उष्णता मिळते. वेडर्सच्या तळाशी हवाच नसते, त्यामुळे हाताची पुडी तिथे विझते. पायाच्या बोटांसाठी वेगळ्या पुड्या मिळतात, त्या कमी हवेत चालतात. त्या वापरण्याआधी १०-१५ मिनिटं उघड्या ठेवा आणि बोटांच्या वर, पातळ मोज्याच्या बाहेरून चिकटवा. तळव्याखाली नको, तिथे दाबल्या जातात आणि टोचतात. उघड्या कातडीवर तर कधीच नको.

घरी आल्यावर वेडर्स उलटे करून टांगा, बुटांत चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद भरा आणि दोन तासांनी तो बदला. आतून दमट राहिलेला बूट पुढच्या शनिवारी तुम्हाला पहिल्या मिनिटापासून छळेल.

हे सगळं सर्वांना सारखं लागू नाही. काहींची बोटं थंडीने एकदम पांढरी, मग निळी, मग लाल होतात. तो ‘रेनॉ’चा त्रास असू शकतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे हातपाय मुळातच गार असतात. पाय पूर्वी एकदा थंडीने दुखावलेला असेल तर तो लवकर दुखावतो. यातलं काही तुम्हाला असेल तर माझी ३०-४० मिनिटं तुमच्यासाठी १५ धरा आणि आधी डॉक्टरांशी बोला.

आणि वडील. त्यांना पाण्यात उतरवू नका. तुम्ही हट्ट केलात तरी आणि त्यांनी केला तरी. १५ वर्षांच्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी झालेली असण्याची शक्यता बरीच असते, आणि वर जे जे मी सांगितलं ते सगळं ठणका जाणवण्यावर उभं आहे. ज्यांना तो जाणवतच नाही, त्यांना बाहेर कधी यायचं हे कोण सांगणार? तापणाऱ्या पुड्या आणि बॅटरीचे मोजे तर त्यांच्या पायाला लावूच नका. भाजल्याचं रात्री मोजा काढल्यावर कळेल आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही, हे मी कामावर दर आठवड्याला बघते.

पण त्यांना घरी बसवू नका. सांगलीचा माणूस, कृष्णेच्या काठचा, नदीशिवाय त्यांचा जीव रमणार नाही. रॉकी रिव्हरवर मेट्रोपार्कच्या रस्त्यालगत गाडी लावून पाण्यापर्यंत पाच मिनिटांत पोचता येईल अशा पुष्कळ जागा आहेत. ऊन असलेला दिवस निवडा. त्यांना एक नंबर मोठे, अस्तराचे बर्फातले बूट घ्या, आत एकच जाड मेरिनोचा मोजा, शिवण बोटांवर न येणारा. बूट घालण्याआधी आत हात घालून खडा, कागद काही नाही ना ते बघा. घडीची खुर्ची, पायाखाली योगा मॅटचा तुकडा, मांडीवर कांबळं. अर्ध्या तासाने त्यांना उठवून चालवा, तासाभरात गाडीत आणा. तुम्ही घोटाभर पाण्यातून गळ टाका आणि मासा लागला की रॉड त्यांच्या हातात द्या; तेवढं काठावरून होतं. परवाना त्यांच्याही नावाचा काढून ठेवा.

संध्याकाळी घरी आलात की त्यांचे मोजे तुम्ही स्वतः काढा. दिव्याखाली दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघा. लाल डाग, फोड, चीर असं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.